टिपणीसची मूठ

एकाच डब्यातलं बी, एकच वाफा, एकच पाणी आणि डोक्यावर एकच दिवा. तरी चवळीच्या चार ओळींपैकी तीन पिवळ्या पडल्या होत्या आणि चौथी मात्र हिरवीगार, मजेत उभी होती. असं का व्हावं?

मैथिली गुंजाळ तीन दिवस या कोड्याशी झटापट करत होती. बुधवारी शाळा सुटली तशी ती दप्तरासकट मातीघरात शिरली आणि वाफ्याच्या कडेला गुडघे टेकून बसली. ताप आलेल्या पोराकडे आई जशी बघते, तशी ती त्या पिवळ्या ओळींकडे बघत राहिली. पानांना हात लावून ताप कळत असता, तर तिनं तेही केलं असतं.

हे मातीघर होतं चंद्रावर. चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ, एका उंच माथ्यावर उजेडवाडी नावाची वस्ती आहे. तिथं सूर्य क्षितिजाला टेकून गोल गोल फिरतो आणि क्वचितच मावळतो, म्हणून हे नाव. सहाशे माणसं, एक शाळा, एक दवाखाना आणि सणावाराला पोळ्या कुणी लाटायच्या यावरून होणारी भांडणं. थोडक्यात, गावासारखंच गाव. मैथिली चार वर्षांची असताना आईपप्पांबरोबर संगमनेरहून इथं आली. मागोमाग आजोबा आले. आजी मात्र आली नाही. "मला एसटीतसुद्धा गाडी लागते, यान कसलं सोसतंय!" असं म्हणून ती संगमनेरलाच राहिली आणि दर रविवारी पडद्यावर भेटू लागली.

आजोबांचं नाव सोपान गुंजाळ. ते सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांचा अभ्यास करणारे) होते. चंद्रावर खरी माती नाही. आहे ती नुसती धूळ, दळलेल्या काचेसारखी खरखरीत. तिच्यात ना गांडूळ, ना बुरशी, ना कुजलेलं पान. ती धूळ चाळून, धुऊन, तिच्यात लागतील ते क्षार मिसळून आजोबांनी हा वाफा तयार केला होता. पृथ्वीवरून खताची पोती न आणता इथं पीक येतं, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. खत यानातून आणायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पण मातीघरावर संकट आलं होतं. उजेडवाडीचं जेवण यायचं शेवाळाच्या टाक्यांतून. पोटभर आणि पौष्टिक, चवीचं मात्र विचारू नका. त्यामुळे शेती कशाला शिकायची, असं मुलांना वाटे. दहावीत जाताना एक खास विषय निवडावा लागे, आणि गेली दोन वर्षं शेती कुणीच निवडली नव्हती. यंदा वस्तीच्या सभेनं ठरवलंच: नववीच्या अकरा मुलांपैकी निदान चौघांनी शुक्रवारपर्यंत शेतीवर नाव घातलं तर ठीक; नाहीतर मातीघर बंद. तिथं हवा गाळायच्या जाळ्या ठेवायच्या.

बुधवारपर्यंत शेतीच्या कागदावर एकही नाव नव्हतं. मैथिलीचंही नव्हतं. तिनं यानदुरुस्ती घ्यावी अशी पप्पांची इच्छा होती, आणि तिचं स्वतःचं मन अजून तळ्यात-मळ्यात करत होतं.

"मैथिलीताई, एक प्रश्न विचारू का?" मागून आवाज आला.

हा टिपणीस. कपाटाएवढा उंच यंत्रमानव, हातांना जाड रबरी पंजे, आणि बोलणं असं की सरकारी पत्र बोलतंय. शाळेतल्या नोंदी ठेवणं हे त्याचं काम. वेळ उरला की मातीघरात आजोबांना मदत.

"विचार की."

"पृथ्वीवरून एक प्रश्नावली आली आहे. माध्यमिक शाळेतील विद्यार्थी शेती हा विषय का निवडतात? उत्तरासाठी आठ चौकोन आहेत. घरी शेती आहे. गुण कमी पडले. आईवडिलांनी सांगितले. मित्राने निवडला. नोकरी मिळते. शिक्षक आवडतात. विषय सोपा वाटतो. आठवा चौकोन: इतर."

"मी कुठं निवडलीय अजून?"

"तरी आपण रोज इथे येता. आज सलग चोविसावा दिवस. यातला कोणता चौकोन भरू?"

मैथिलीनं आठही चौकोन मनातल्या मनात चाळले. एकही आपला वाटेना. "नंतर सांगते," ती म्हणाली. "आधी हे पिवळं का पडलंय ते शोधू दे."

तेवढ्यात आजोबा आले. चंद्रावर वजन सहापट कमी, त्यामुळे एकाहत्तराव्या वर्षीही ते उड्या मारत चालायचे आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

"काय डॉक्टर, रोगी काय म्हणतोय?"

"आजोबा, तुम्ही सांगाच आता. तुम्हाला माहीत असणार."

"अंदाज आहे. पण मी सांगितलं तर ते माझं होईल, तुझं नाही. चल, दोघं मिळून शोधू. चारही ओळींत सारखं काय काय आहे?"

मैथिली बोटं मोजू लागली. बी सारखं. धूळ सारखी. पाणी टिपणीसनं मापून दिलेलं, थेंबाचाही फरक नाही. दिवा सारखा. रोप उगवलं एकाच दिवशी, सगळ्यांचं.

"पहिले दोन आठवडे कशी दिसत होती?"

"सगळी एकसारखी. हिरवी."

"का बरं?" आजोबांनी खिशातून एक चवळी काढून नखानं सोलली. तिची दोन दळं झाली. "ही बघ, बीनं सोबत बांधून आणलेली शिदोरी. रोप पहिले काही दिवस हिच्यावरच जगतं. ती संपली की मग स्वतःचं स्वतः कमवायचं."

"म्हणजे शिदोरी संपली आणि तीन ओळींना कमवता आलं नाही!"

"बरोबर. आता काय कमवता आलं नाही, ते बघायला खाली जायला हवं. उपट एक हिरवं आणि एक पिवळं."

"उपटू?" मैथिलीचा हात थबकला. चोवीस दिवस जपलेलं रोप. तिनं पहिल्यांदा पिवळं उपटलं, मग डोळे मिटून हिरवं. दोन्हींची मुळं पाण्यात हलकेच खळबळली आणि पांढऱ्या ताटलीत शेजारी शेजारी ठेवली.

पिवळ्याची मुळं साधी, दोऱ्यासारखी. हिरव्याच्या मुळांना मात्र मोहरीच्या दाण्याएवढ्या गाठी लगडल्या होत्या.

"अगं बाई! रोग तर हिरव्याला झालाय!"

आजोबा मिश्किल हसले. "फोडून बघ एक."

तिनं नखानं गाठ फोडली. आत गुलाबी रंग निघाला, लहान बाळाच्या तळपायासारखा.

"हा रोग नाही, पोरी. हे घर आहे. यात जिवाणू (एकाच पेशीचे अगदी बारीक जीव) राहतात. आता नीट ऐक. आपण श्वास घेतो त्या हवेचे दहा वाटे केले, तर जवळजवळ आठ वाटे नायट्रोजन वायू असतो. पानाला हिरवं व्हायला हाच नायट्रोजन लागतो."

"मग अडचण काय? हवा तर भरपूर आहे खोलीत."

"अडचण अशी, की नायट्रोजनचे दोन अणू (पदार्थाचे सर्वांत लहान कण) एकमेकांचा हात घट्ट धरून बसतात. झाडाला तो हात सोडवता येत नाही. या जिवाणूंना येतो. ते हात सोडवतात, झाडाला चालेल असं अन्न त्याचं करतात, आणि झाड त्यांना बदल्यात साखर देतं, राहायला गाठ देतं. चवळी, मूग, हरभरा, भुईमूग, सगळ्या शेंगवाल्यांचा हा संसार असाच चालतो."

"आणि गुलाबी का?"

"आपलं रक्त ज्या द्रव्यानं लाल होतं ना, त्याचं एक चुलत भावंड त्या गाठीत असतं. गुलाबी दिसलं की समजायचं, आत काम चालू आहे."

मैथिली त्या इवल्या गुलाबी ठिपक्याकडे बघतच राहिली. मग तिला पुढचा प्रश्न पडला, आणि तो फार अवघड होता.

"पण मग या तीन ओळींना गाठी का नाहीत?"

"पृथ्वीवरच्या मातीत हे जिवाणू बहुधा आधीपासून असतात. चंद्राच्या धुळीत एकही नाही. म्हणून आपण पेरणीच्या आदल्या दिवशी काय केलं होतं?"

मैथिलीला सगळं आठवलं. गुळाच्या पाण्यात आजोबांनी एका पुडीतली काळी भुकटी कालवली होती. त्या भुकटीत झोपलेले जिवाणू होते. ते चिकट काळं पाणी तिनं बियांना हलक्या हातानं चोळलं होतं. पुडी शेवटची होती. पुढचं यान अकरा महिन्यांनी येणार. आजोबा म्हणाले होते, "वाळव आणि उद्या पेर," आणि दवाखान्यात तपासणीला गेले होते.

आणि तिनं वाळवलं होतं. अगदी मनापासून. ताट घेऊन ती थेट ऊनखिडकीशी गेली होती.

ऊनखिडकी म्हणजे वस्तीच्या टोकाची मोठी काच. मुळात ती बसवली होती पांघरुणं आणि कपडे निर्जंतुक करायला, म्हणजे त्यांच्यावरचे रोगजंतू मारायला. साधी काच सूर्याचे अतिनील किरण (डोळ्यांना न दिसणारं, फार तीव्र ऊन) बरेचसे अडवते. ही मुद्दाम आत सोडते. पण बायांना ऊन दिसल्यावर त्या गप्प बसतात होय? महिन्याभरात तिथं पापड, कुरडया आणि सांडगे वाळू लागले. रविवारी आजी पडद्यावर विचारायचीच, "बी-बियाणाला ऊन दाखवलं का गं? ऊन दाखवल्याशिवाय काही भरू नये, काही पेरू नये." मैथिलीनं म्हणून चवळीचं ताट कुरडयांच्या शेजारी दिवसभर ठेवलं होतं. आजीचं ऐकलं म्हणून खूश होती.

तिनं हातातली ताटली खाली ठेवली.

कुणालाच माहीत नव्हतं. आजोबा तेव्हा नव्हते. टिपणीस मातीघरात होता. शुक्रवारी सभेची माणसं वाफा बघायला येणार. तेव्हा 'धूळच वाईट होती' म्हटलं तरी खपलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आईच म्हणते की. मैथिलीनं मान वर केली. समोर तीन पिवळ्या ओळी माना टाकून उभ्या होत्या, भुकेल्या.

"आजोबा, मी मारले," ती म्हणाली आणि रडू आवरेनासं झालं. "मी त्यांना ऊनखिडकीत ठेवलं. दिवसभर. चंद्रावरचे सगळे जिवाणू मीच मारले."

चंद्रावर अश्रू गालावरून सावकाश उतरतात. आजोबांनी ते उतरू दिले. मग तिच्या शेजारी गुडघे टेकून बसले.

"चूक झाली खरी," ते म्हणाले. "पण ती निम्मी माझी आहे. 'सावलीत वाळव' असं सांगायला हवं होतं. चाळीस वर्षं मी सावलीतच वाळवतोय, त्यामुळे ते सांगावं लागतं हेच विसरलो. आणि आजीचंही चुकलं नाही. साठवणीच्या धान्याला ऊन हवंच, त्यानं कीड मरते. पण आपल्या बियांवर आपण मित्र चोळले होते. उन्हाला मित्र आणि शत्रू कसे कळणार?"

मैथिलीनं बाहीनं नाक पुसलं. आजोबांनी पुसू दिलं.

"आता एक सांग," ते हळूच म्हणाले. "सगळेच मेले, तर ही चौथी ओळ हिरवी कशी?"

खरंच की! मैथिली रडायची थांबली. चौथ्या ओळीचं बी कुठून आलं होतं? ताट भरलं होतं, एक मूठभर बी जास्त झालं होतं, आणि हात चिकट होते म्हणून तिनं ते समोर उभ्या असलेल्या…

"टिपणीस! मी तुझ्या हातात बी दिलं होतं ना?"

"होय. आपण म्हणालात, 'हे धर जरा.' मी धरले."

"किती वेळ?"

"एकोणीस तास बारा मिनिटे. दुसऱ्या दिवशी पेरणीच्या वेळी आपण 'दे' म्हणालात, तेव्हा दिले. मधल्या काळात मूठ उघडण्याविषयी काही सूचना नव्हती."

"एकाच जागी उभा होतास? मूठ मिटून?"

"शाळेची घंटाही चुकली. त्याची नोंद माझ्या नावावर आहे."

आजोबा एवढ्या जोरात हसले की चंद्राच्या हलक्या ओढीत वीतभर वर उडाले. त्या रबरी मुठीत सावली होती. बोटांच्या फटींतून वारा लागत होता. जिवाणूंना हवं ते सगळं तिथं होतं. मैथिली उठली आणि तिनं टिपणीसचा तो मोठा पंजा दोन्ही हातांत धरला.  टिपणीसनं याची मात्र कुठंच नोंद केली नाही.

"म्हणजे गाठींमधले जिवाणू जिवंत आहेत," ती सावकाश म्हणाली. "आजोबा, त्या गाठी ठेचून पुन्हा गुळाच्या पाण्यात घातल्या तर?"

आजोबांनी नुसता खलबत्ता पुढे सरकवला. एका गाठीत लाखोंनी जिवाणू असतात.

त्या संध्याकाळी त्यांनी आणखी दोन हिरवी रोपं उपटली. मैथिलीनं उपटण्याआधी त्यांना "माफ करा हं" म्हटलं. गाठी धुतल्या, ठेचल्या, गुळाच्या पाण्यात कालवल्या. निम्मं पाणी पिवळ्या ओळींच्या मुळांशी ओतलं. त्यातली थोडीच सावरतील, सगळी नाहीत, हे आजोबांनी आधीच सांगून टाकलं. उरलेलं नव्या वाफ्याच्या बियांसाठी झाकून ठेवलं.

गुरुवारी शाळेत मैथिलीनं वर्गासमोर उभं राहून सगळं सांगितलं, ऊनखिडकीसकट. वर्ग हसला. हसणारच, तिनंही थोडं हसून घेतलं. पण दुपारी बघते तर मातीघराच्या दाराशी दहाच्या दहा जण हजर. आजोबांनी राखून ठेवलेल्या गाठींतली एकेक प्रत्येकाला फोडायला दिली. ओंकारेश्वर पाचर्णे, जो शाळेत कधी दोन वाक्यं सलग बोलत नसे, तो गुलाबी ठिपका बघून म्हणाला, "हे आत्तासुद्धा काम करतायत? आपण बोलतोय तोवर?" आणि दारातून शेवटपर्यंत हललाच नाही. दुर्वा लोखंडे वाफ्यावर नाक नेऊन म्हणाली की इथं वास येतो, बाकी वस्तीला वासच नाही. एकानं सरळ विचारलं, चवळीची उसळ कधी मिळणार? शेवाळ खाऊन खाऊन त्याचा जीव विटला होता.

शुक्रवारी सभेची माणसं आली. त्यांनी हिरवी ओळ बघितली, पिवळ्या ओळी बघितल्या, आणि एका बाईंनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "चारातल्या तीन ओळी गेल्या, म्हणजे प्रयोग फसलाच ना?"

आजोबा बोलणार होते. त्यांच्याआधी मैथिली बोलली.

"नाही, मावशी. तीन ओळी पिवळ्या पडल्या म्हणूनच चौथी का हिरवी आहे ते कळलं. सगळ्या हिरव्या असत्या, तर गाठींमुळे की आणखी कशामुळे, हे कसं सांगता आलं असतं? जिवाणू नसतील तर काय होतं आणि असतील तर काय होतं, दोन्ही इथं शेजारी शेजारी आहे. खताचा एक कणही घातलेला नाही."

बाईंनी वाकून चौथ्या ओळीतलं एक पान उलटून बघितलं. मग म्हणाल्या, "कागद बघू." कागदावर सहा नावं होती. सगळ्यांत वरचं मैथिलीचं. आदल्या दिवशी पप्पांशी तासभर बोलून तिनं ते घातलं होतं. पप्पा शेवटी म्हणाले होते, "घाल. यानानं तरी काय न्यायचं, कुणी काही पिकवलंच नाही तर?"

माणसं गेल्यावर टिपणीस प्रश्नावली घेऊन आला.

"सहा विद्यार्थ्यांनी निवड केली. पहिल्या सात चौकोनांत एकही बसत नाही. पाचर्णे म्हणतात, 'ते काम करतात म्हणून.' लोखंडे म्हणतात, 'वास.' एक उत्तर 'उसळ' असे आहे. आपले राहिले आहे."

मैथिली वाफ्याच्या कडेला बसली. तिनं विचार केला. उजेडवाडीत दार आपोआप उघडतं. हवा आपोआप येते. दिवे, पाणी, जेवण, सगळं आपोआप. ती दोन दिवस झोपून राहिली, तरी वस्तीचं काही अडत नाही.

"लिही," ती म्हणाली. "इथं माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं. माझं चुकलं तर ते पिवळं पडतं, आणि मी सुधारलं तर पुन्हा हिरवं होतं. म्हणून."

'इतर'पुढची रेघ बोटभरच होती. टिपणीसनं समासात लिहून काढलं, बारीक अक्षरात.

नव्या वाफ्याचं बी त्याच दुपारी चोळून झालं. या वेळी ताट सावलीत ठेवायचं हे एव्हाना वर्गातल्या बाकांनासुद्धा पाठ झालं होतं. शेजारच्या खोलीत जाळीचं झाकण घालून आजोबांनी जागाही केली होती. मैथिली ताट घेऊन निघाली, तर टिपणीस वाटेत उभा. दोन्ही पंजे पसरून.

"काय रे?"

"दोन मुठींची जागा रिकामी आहे," तो म्हणाला. "शाळेची आजची घंटा मी दुर्वाताईंकडे सोपवली आहे."

मैथिलीनं आजोबांकडे बघितलं. आजोबांनी मान हलवली. तिनं ताटातली चिकट, तपकिरी चवळी मोजून दोन्ही पंजांत घातली, आणि रबरी बोटं हलकेच मिटली.

"हे धर जरा," ती म्हणाली. "उद्या सकाळी दे."

"धरले," टिपणीस म्हणाला, आणि ऊनखिडकीच्या दिशेला पाठ करून सावलीत उभा राहिला.